इसन्ने अशरैन : आरंभिक इस्लामी इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास कसा सुरू करावा

व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा जपून ठेवला आहे. ती मेंढ्यांची पावती आहे. इजिप्तमधल्या अहनास या गावी अब्दुल्ला इब्न जाबिर नावाच्या अरब सरदाराने आपल्या माणसांच्या खाण्यासाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पोच. आधी ग्रीक मजकूर, मग अरबी. अरबी मजकूर 'बिस्मिल्लाह'ने सुरू होतो आणि शेवटी साल येतं : इस्नैन व इश्रीन. म्हणजे बावीस. पैगंबरांच्या निधनाला तेव्हा अकरा वर्षंही झाली नव्हती.

मी पुण्यात मोडी शिकले होते. पेशवाईतल्या कागदांच्या वर 'इसन्ने अशरैन मया व अलफ' अशी सालं वाचायची सवय होती. दोन, वीस, शंभर, हजार : शुहूर सन ११२२, त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७२१-२२. पपायरसच्या छायाचित्रात जेव्हा हे साल पहिल्यांदा दिसलं, तेव्हा अरबीचं पहिलंच वर्ष चालू असूनही ते मला न अडखळता वाचता आलं. इजिप्तच्या कारकुनाचं 'इस्नैन व इश्रीन' आणि आपल्या कारकुनाचं 'इसन्ने अशरैन' एकच. मधे अकराशे वर्षं आणि दोन समुद्र. या विषयात येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी म्हणूनच सांगते, तुम्ही रिकाम्या हाताने येत नाही आहात. पण आलात तर वाचायला शिकायला या. मोठे प्रश्न नंतर.

आधी हद्द ओळखा

'आरंभिक इस्लाम' म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या शतकाचा काळ. इ. स. ६२२ ची हिजरत, म्हणजे पैगंबरांचं मक्केहून मदिनेला स्थलांतर, ६३२ मध्ये पैगंबरांचं निधन, मग सीरिया, इराक, इराण आणि इजिप्तवरच्या मोहिमा, ६६१ ते ७५० उमय्या घराण्याची दमास्कसची खिलाफत, नंतर अब्बासी, आणि ७६२ मध्ये मन्सूरने वसवलेलं बगदाद. मुघल, दिल्लीचे सुलतान, बहामनी या हद्दीत येत नाहीत. त्यासाठी आधी फारसी लागते आणि तो अभ्यासक्रमही वेगळा असतो. प्रवेश अर्जात 'इस्लामी इतिहास' एवढंच मोघम लिहिणारे इथेच मार खातात.

नवख्यांचं एक गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. ही कथा मक्केपासून सुरू करून चालत नाही. रोमन म्हणजे बायझंटाइन आणि ससानी इराणी ही दोन साम्राज्यं ६०२ ते ६२८ अशी पंचवीसेक वर्षं एकमेकांशी लढून थकली होती. ६१४ मध्ये इराण्यांनी जेरुसलेम घेतलं होतं. हे डोक्यात नसेल तर अरबांनी बायझंटाइनांना हरवलं ती ६३६ ची यर्मूकची लढाई चमत्कारासारखी वाटते. पहिले दोन महिने या आधीच्या जगावर काढा. वाया जाणार नाहीत.

अरबी

इथे कुठलीही पळवाट नाही. भाषांतरांवर एम. ए. होते, संशोधन होत नाही. चांगल्या विद्यापीठात प्रवेश देताना आधी हेच विचारतात : अरबी किती झाली?

बातम्या आणि गप्पांसाठी शिकवली जाणारी अरबी आणि नवव्या शतकातल्या ग्रंथाची अरबी, दोन्हींचं व्याकरण बऱ्यापैकी एकच आहे. म्हणून सुरुवात आधुनिक प्रमाण अरबीपासून करायला हरकत नाही. फक्त वर्ग निवडताना विचारून घ्या की 'सर्फ' आणि 'नह्व', म्हणजे शब्दघटना आणि वाक्यरचना, नीट शिकवतात का. विमानतळावरचे संवाद पाठ करून घेणाऱ्या वर्गात वर्ष घालवू नका. रोज दीड तास धरला तर स्वरचिन्हं दिलेला सोपा उतारा शब्दकोश घेऊन वाचायला दोन वर्षं लागतात. स्वरचिन्हांशिवाय वाचायला आणखी एक. हे ऐकून कोणी घाबरू नये. संस्कृत शिकलेल्याला ही गती ओळखीची आहे.

आता मराठीचा उपयोग. अरबी शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभा असतो आणि साच्यात ओतला की त्याचा अर्थ वळतो. पाठ्यपुस्तकात हे 'क-त-ब' वरून शिकवतात. मी आपल्या माणसांना 'ह-स-ल' वरून शिकवते. 'बोलून काय हशील?' मधलं हशील म्हणजे हासिल, हाती आलेलं. महसूल म्हणजे जे हाती आणलं गेलं ते. तहसील म्हणजे हाती आणण्याचं काम. कर्ता, कर्म आणि क्रिया असे तीन साचे एकाच मुळावर बसलेले, आणि तिन्ही शब्द तुमच्या सातबाऱ्याच्या आसपास वावरणारे. तसंच नजर, नाझर, मंजूर. कागद साहेबांच्या नजरेखालून गेला की मंजूर, म्हणजे शब्दशः 'पाहिलेला'. असे पन्नासएक शब्द वहीत मुळांप्रमाणे लावून ठेवले तर अरबीचे साचे महिनाभरात अंगवळणी पडतात.

पण याच जागी खड्डाही आहे. हे शब्द आपल्याकडे फारसीमार्गे आले आणि येताना त्यांचे उच्चार सपाट झाले. मजकूर, जिल्हा, जाहीर, जमाना. चारही शब्दांत आपण ज म्हणतो. अरबीत ती चार निरनिराळी अक्षरं आहेत. मजकूरमधलं अक्षर जिभेचं टोक दातांत धरून म्हणायचं, जिल्ह्यातलं जड द सारखं, जाहीरमधलं त्याहून निराळं आणि जाडं, आणि फक्त जमान्यातलं आपल्या ओळखीचं. शब्दकोशात मूळ शोधताना अक्षर चुकलं की पानच चुकतं. नजर आणि नजराणा कानाला सख्खे वाटतात, पण मुळं वेगळी : एकात पाहणं आहे, दुसऱ्यात नवस. पहिल्या वर्षी प्रत्येक ओळखीचा शब्द परका समजून पुन्हा लिहून काढा.

शब्दकोशांबद्दल एक सूचना. जुन्या ग्रंथांसाठी सगळे एकोणिसाव्या शतकातला लेनचा भला मोठा अरबी-इंग्रजी कोश वापरतात. लेन १८७६ मध्ये वारला तेव्हा काम 'क़ाफ' या अक्षरापर्यंत आलं होतं. त्यापुढचे भाग त्याच्या टिपणांवरून छापले, ते त्रोटक आहेत. वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षरांनी सुरू होणारा शब्द सापडला नाही तर दोष तुमच्या शोधण्याचा नसतो.

मदरशात शिकून आलेल्या विद्यार्थ्यांचा सर्फ-नह्वचा पाया बहुतेकदा विद्यापीठातल्या मुलांपेक्षा पक्का असतो. त्यांना कमी पडतं ते इंग्रजीतून युक्तिवाद मांडायची सवय आणि ग्रीक-सीरियाक साधनांची ओळख. अलीगढ, जामिया मिल्लिया, जेएनयू आणि हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांची प्रमाणपत्रं प्रवेशासाठी मान्य करतात. कोणती, ते त्या-त्या माहितीपत्रकात बघा.

दुसरी भाषा, आणि ती बहुधा घराजवळ

अरबीबरोबर काळाला लागून असलेली आणखी एक भाषा घ्यावी. इजिप्तच्या कागदांसाठी ग्रीक किंवा कॉप्टिक, सीरिया-इराकसाठी सीरियाक, इराणसाठी पहलवी. यातल्या दोन भाषांची चांगली सोय भारतात आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सीरियाक ही केरळच्या नसरानी ख्रिस्त्यांची उपासनेची भाषा. कोट्टायमच्या सेंट एफ्रेम संस्थेत, जिला सगळे 'सीरी' म्हणतात, ती रीतसर शिकवतात. मुस्लिम सत्तेखाली राहणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंनी सातव्या शतकातच जे लिहून ठेवलं ते बरंचसं याच भाषेत आहे. गाझाजवळ ६३४ मध्ये झालेल्या लढाईची नोंद एका सीरियाक इतिवृत्तात आहे, आणि ती लढाईनंतर काही वर्षांतच लिहिलेली आहे.

पहलवीसाठी मुंबई. फोर्टमधली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट १९१६ पासून अवेस्ता-पहलवीच्या अभ्यासाचं घर आहे. ससानी शेवटचा राजा यज्दगर्द तिसरा ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. पारशी पंचांगातलं साल आजही त्याच्याच नावाने मोजतात. अरबांनी सुरुवातीला इराणात पाडलेली नाणी हातात घेतलीत तर त्यांवर ससानी राजाचाच मुकुटधारी चेहरा आणि पहलवी अक्षरं दिसतात, आणि कडेला अरबीत बारीक 'बिस्मिल्लाह'. चित्र काढून टाकून केवळ अक्षरांची नाणी आली ती खलिफा अब्दुल मलिकच्या वेळी, हिजरी ७७ पासून. नाण्यांची गोडी लागली तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहून या.

जर्मन आणि फ्रेंच बोलता आली नाही तरी चालेल, वाचता आली पाहिजे. या विषयाचं दीडशे वर्षांचं संशोधन त्या दोन भाषांत आहे.

साधनं वाचायची रीत

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. पैगंबरांचं सर्वांत जुनं मोठं चरित्र इब्न इस्हाकचं. तो ७६७ च्या सुमारास वारला, आणि त्याचा ग्रंथ आपल्याला मिळतो तो नवव्या शतकात इब्न हिशामने काटछाट केलेल्या रूपात. तबरीचा अवाढव्य इतिहास त्याही नंतरचा. तबरी ९२३ मध्ये बगदादला वारला. घटना आणि लेखन यांत शंभर ते तीनशे वर्षांचं अंतर. यावरून या विषयात दोन तट पडले आहेत. १९७७ मध्ये इंग्लंडात निघालेल्या दोन पुस्तकांनी तर असं म्हटलं की मुस्लिम परंपरेतल्या लेखनावरून इस्लामच्या पहिल्या शतकाबद्दल काहीच ठरवता येत नाही. आज फारसं कोणी त्या टोकाला नाही, पण त्यांनी विचारलेले प्रश्न अजून जागेवर आहेत.

बखर की अस्सल पत्र, हा वाद ज्या भाषेने शंभरहून अधिक वर्षं घातला त्या भाषेच्या वाचकाला हे नव्याने समजवावं लागत नाही. बखर टाकून द्यायची नसते, ती कोणासाठी आणि केव्हा लिहिली हे विचारून वाचायची असते. तबरीचंही तेच. फरक एवढाच, की तबरी आपली कडी दाखवतो. प्रत्येक वृत्तांताआधी तो सांगतो, हे मला कोणी सांगितलं, त्याला कोणी. ही 'इस्नाद'. आपल्या सनदेचं मूळही तेच : स-न-द, आधार.

तबरीत इराकच्या मोहिमा वाचायला घेतल्या की एक कडी पुन्हा पुन्हा येते : 'सरीने मला लिहून कळवलं, शुऐबकडून, सैफकडून.' हा सैफ इब्न उमर. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, पारखणाऱ्या विद्वानांनीच त्याला अविश्वसनीय ठरवलं आहे. तरी तबरी त्याच्याकडून पानंच्या पानं घेतो, आणि त्याच प्रसंगाचे दुसऱ्यांनी सांगितलेले वृत्तांतही शेजारी ठेवतो. पहिला सराव असा करा. एक प्रसंग निवडा, त्याचे सगळे वृत्तांत वेगवेगळ्या कागदांवर उतरवा, कड्या वर लिहा आणि नावं जिथे एकत्र येतात तिथे गोल करा. चार दिवस जातात. पण कोणता तपशील कोणाच्या तोंडून आत आला हे त्या गोलांत दिसतं.

तबरीचं ४० खंडांचं इंग्रजी भाषांतर आहे. त्याच्या समासात लायडनच्या मूळ अरबी आवृत्तीचे पृष्ठांक दिलेले असतात. संदर्भ देताना तेच द्यायचे. परीक्षक सगळ्यात आधी ते बघतात.

आता पुन्हा पावतीकडे. तिच्यात कोणाची साखळी नाही, कोणाचा गौरव नाही, कोणाला काही पटवायचं नाही. म्हणून ती मोलाची. लिहिणाऱ्याने सरदाराचं नाव 'ज-ब-र' असं लिहिलंय. मधला लांब 'आ' लिहायची पद्धत अजून बसलेली नव्हती. जाबिर हे आपण संदर्भाने ओळखायचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचं जसं होतं, अगदी तसं. काही अक्षरांवर नुक्ते, म्हणजे टिंबं, आहेत, बऱ्याच अक्षरांवर नाहीत. आणि नुक्त्याशिवाय ब, त, न, य ही अक्षरं शब्दाच्या मध्यात एकाच दाताएवढी, हुबेहूब सारखी. माझ्या पहिल्या पपायरसच्या तासाला एका शब्दावर अख्खी दुपार गेली होती आणि तो शेवटी 'शेत' निघाला. त्या दुपारी मला कळलं की मला हेच करायचं आहे.

पुढचं बघा. अरबी मजकुरात 'साल बावीस' एवढंच आहे. कोणता सन, ते लिहिलेलं नाही. हिजरी असं म्हणत नाही. पण त्याच कागदावरचा ग्रीक कारकून आपली तारीख देतो, इजिप्तच्या महिन्याने आणि रोमी करआकारणीच्या पंधरा वर्षांच्या चक्राने, आणि ती येते एप्रिल ६४३. म्हणजे ६२२ पासूनची वर्षं कोणीतरी मोजत होतं, आणि इजिप्तच्या एका गावातल्या कारकुनालाही ते ठाऊक होतं. नंतरच्या ग्रंथांनी हिजरतीचं जे साल सांगितलं त्याला मेंढ्यांच्या पावतीने दिलेली ही साक्ष. मागच्या बाजूला ग्रीकमध्ये या अरबांना 'मगारिताइ' म्हटलंय. म्हणजे मुहाजिर, हिजरत करून आलेले. 'मुसलमान' हा शब्द कुठेच नाही. तो त्या वेळी लोक स्वतःसाठी कितपत वापरत होते, यावर आजही प्रबंध लिहिले जातात.

असे हजारो कागद म्युनिकहून चालणाऱ्या अरबी पपायरसच्या संग्रहात घरबसल्या वाचता येतात, मजकूर आणि भाषांतरासकट. कुराणाच्या जुन्या हस्तलिखितांसाठी बर्लिनचा कॉर्पस कोरानिकम प्रकल्प आहे. १९७२ मध्ये येमेनमधल्या सनाच्या मोठ्या मशिदीत सापडलेली पानं, बर्मिंगहॅमची पानं, यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत काहीही छापून येतं. कार्बन चाचणी कातड्याचं वय सांगते, शाईचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ टळतो. अरबी ग्रंथांसाठी 'शामिला' हे फुकट डिजिटल ग्रंथालय शोधायला उत्तम. उद्धृत करायला मात्र छापील आवृत्तीच उघडा.

कुठे शिकायचं

अरबी अजून कच्ची असेल तर आधी भारतातच एम. ए. करा असं माझं स्पष्ट मत आहे. भाषेसाठी जेएनयू किंवा हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. इतिहास आणि विचारपरंपरेसाठी अलीगढ किंवा जामियाचा इस्लामिक स्टडीज विभाग. मुंबई विद्यापीठात अरबी आणि फारसी दोन्ही विभाग आहेत. हैदराबादला राहायला मिळालं तर दायरतुल मआरिफ बघाच. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने हस्तलिखितांवरून छापलेले अरबी ग्रंथ जगभरचे अभ्यासक वापरतात. पाटण्याचं खुदाबख्श आणि रामपूरचं रझा ग्रंथालय हस्तलिखितांसाठी.

परदेशात ब्रिटनचं एका वर्षाचं एम. ए. आकर्षक वाटतं, पण नऊ-दहा महिन्यांत भाषा नव्याने बसत नाही. अरबी आधीच आलेल्यांनीच ते घ्यावं. ऑक्सफर्डचा दोन वर्षांचा एम. फिल. भाषेला जास्त वेळ देतो. नेदरलँड्सच्या लायडनला १६१३ पासून अरबीचं अध्यासन आहे आणि पपायरसचं काम तिथे जोरात आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्यांकडून घेतं. अमेरिकेत थेट पीएच. डी.ला प्रवेश मिळाला तर पाच-सहा वर्षं विद्यापीठ पोसतं, म्हणून स्पर्धाही तशीच.

विद्यापीठाच्या नावापेक्षा माणूस बघा. तुम्हाला ज्या कागदांवर काम करायचंय त्यांवर तिथे कोण काम करतं? त्यांचे दोन लेख वाचा आणि मग पत्र लिहा. पत्रात एक खरा प्रश्न असू द्या, त्यांच्या लेखातल्या एखाद्या वाचनाबद्दलचा. बायोडेटा पाठवून 'मला आपल्या हाताखाली शिकायचं आहे' एवढंच लिहिलेल्या पत्रांना उत्तरं येत नाहीत.

पैसे आणि अर्ज

शरद ऋतूत सुरू होणाऱ्या वर्षासाठी अर्ज साधारण आधीच्या डिसेंबर-जानेवारीत जातात. म्हणजे तयारी त्याआधीच्या पावसाळ्यात. फेलिक्स, कॉमनवेल्थ, चेव्हनिंग, जर्मनीसाठी डाड, मुंबईची इनलॅक्स, या शिष्यवृत्त्या बघा. टाटांची जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्जरूपाने मदत करते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तारखा आणि अटी दर वर्षी बदलतात, त्या मूळ संकेतस्थळावरच वाचा, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

घरच्यांचा प्रश्न येतोच : हे तुला कशाला? मुसलमान घरात 'यावर शंका कशाला घ्यायच्या' असा, हिंदू घरात 'यांचा इतिहास आपण का वाचायचा' असा. माझ्या आईला मी ती पावती दाखवली आणि मेंढ्या मोजून सांगितल्या. ती म्हणाली, "म्हणजे हिशेबाचेच कागद की." तिथून पुढे ती विचारायला लागली, आज काय सापडलं.

विषय निवडताना

प्रबंधाचा विषय लहान घ्या. 'इस्लाममधली सत्तेची कल्पना' नको. एका सुभेदाराची पाच पत्रं घ्या. ७०९ ते ७१४ मध्ये इजिप्तचा सुभेदार असलेल्या कुर्रा इब्न शरीकची कर वेळेवर भरा म्हणून खडसावणारी पत्रं आहेत, अरबीत आणि ग्रीकमध्येही. तेवढ्यावर एम. ए.चा प्रबंध उभा राहतो.

आणि आपल्या किनाऱ्यावर काम करायला फार जागा आहे. नवव्या शतकातला अरबी इतिहासकार बलाझुरी लिहितो की खलिफा उमरच्या काळात बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवलं आणि उमरला ते मुळीच रुचलं नाही. बलाझुरी वारला ८९२ मध्ये, म्हणजे ही नोंद प्रसंगानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी झाली. ती त्याच्यापर्यंत कोणत्या कडीने आली? इतिहासकार मसऊदी हिजरी ३०४ मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, स्वतः येऊन गेला. त्याने लिहिलेलं तिथल्या राजाचं नाव 'जंझ'. तो शिलाहार झंझ.

पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा संस्कृत ताम्रपट तर या सगळ्याच्या वरचा. राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी 'ताजिक', म्हणजे अरब आहे. त्याचं नाव मुहम्मद, आणि लेखात ते 'मधुमति' असं झालंय. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट नाव चालवली, अन्नछत्र घातलं, आणि एका मठाला दिलेल्या दानाशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. दहाव्या शतकातल्या अरबी प्रवासवर्णनांत 'बल्हरा' म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या राज्यात मुसलमानांना त्यांच्यातलाच अधिकारी मिळतो असं येतं. अरबी आणि संस्कृत दोन्ही वाचणारं कोणीतरी ही दोन्ही साधनं शेजारी ठेवून बसायला हवं. तुमच्याकडे शाळेतलं संस्कृत असेल तर ते विसरू नका, आणि अरबीची पहिली वही या आठवड्यात घ्या. पहिल्या पानावर हशील, महसूल, तहसील.